पिंजऱ्यातला बादशहा

जर्सी सिटीतल्या त्या फ्रेमवाल्या काकांना मी एकदाच भेटलो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आमच्या पुण्याच्याच डायरेक्टरला कंपनीने काढलं होतं. दोन वर्षं त्याने आम्हाला पिळून काढलेलं, म्हणून टीमने लंच ठरवला. तिथे लावायला मी एक व्यंगचित्र प्रिंट करून काकांकडे फ्रेमला नेलं. दोनशे वर्षांपूर्वीचं. हरलेला फ्रेंच बादशहा उंदराच्या पिंजऱ्यात आणि भोवती खिदळणारी गर्दी.

काकांनी आधी दोन्ही हात शर्टाला पुसले. मग पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या चित्रावर ठेवल्या. फ्रेममध्ये चित्र कुठवर घ्यायचं, ते दाखवायला.

"काय काय दिसू द्यायचं?"

"सगळंच, काका. मजा गर्दीतच आहे."

"असं?" म्हणत त्यांनी पट्ट्या हळूहळू आत सरकवल्या. हसणारे एकेक करून झाकले गेले. उरला गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक दमलेला माणूस.

"आता हस पाहू," काका म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता.

मला हसू येईना. परवापर्यंत डायरेक्टरच्या प्रत्येक जोकवर सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो.

"राहू द्या असंच," मी म्हणालो.

ती फ्रेम लंचला नेली नाही. दुकानाबाहेर गाडीत बसूनच डायरेक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "ऑफिसमधल्या कुणाचा हा पहिलाच फोन."