वाजती गाडी

वरकुट्याचे तात्याबा गाडी चालवतात असं मी कधीच म्हणणार नाही. ते गाडी हाकतात. उभं तरुणपण मेंढरांमागं हिंडण्यात गेलेला माणूस. पुढं मेंढरं विकली, ऊस लावला, आणि साठी उलटल्यावर पुतण्याची जुनी पांढरी गाडी दारात आली, तर तिलाही त्यांनी मेंढरातच धरलं. उन्हात उभी करायची नाही. निघायच्या आधी चारी बाजूंनी फिरून बघायचं आणि बॉनेटवर थाप मारायची. माझ्या जळोचीच्या गॅरेजवर आले की बिघाड सांगायची तऱ्हाही तीच. "धाप लागती हिला." "सकाळची ठसकती." निम्म्या वेळा त्यांचं बरोबर निघायचं, आणि निम्म्या वेळा टाकीत पेट्रोल नसायचं.

गेल्या माघात आले ते मात्र थट्टेच्या तोंडानं आले नाहीत.

"युवराज, पुढच्या डाव्या पायानं लंगडती. हातातलं काम ठेव आन आधी हिला बघ."

शेजारच्या सीटवर त्यांची मंडळी, सारजामावशी, पाठीमागं दोन उशा लावून बसल्या होत्या. पाच-सहा महिन्यांत मी त्यांना बघितलं नव्हतं. माणूस अर्ध्यावर आलं होतं. पाठीच्या कण्यात कॅन्सर होता. बारामतीच्या दवाखान्यात विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होता, आणि त्यासाठी वरकुट्याहून निमगाव केतकीवरून रोजची ये-जा. त्या रस्त्यावर ब्रेकर किती, आणि उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेले खड्डे किती, ते ज्यानं त्यानं आपल्या कंबरेला विचारावं.

"ब्रेकर आला की गाडी आदळती आन ही कळवळती," तात्याबा म्हणाले. "शेकानं बरं वाटाय लागलंय गं बाई म्हणायचं, तर ही भवानी पुन्हा दुखवून ठेवती. गाडीचं तेवढं बघ बाबा."

मी मागं बसलो आणि त्यांना गाडी पुढं घ्यायला लावली. माझ्या गॅरेजसमोरचा ब्रेकर लोकांनीच रातोरात घातलेला आहे, ढेकळाच्या बांधाएवढा उंच. गाडी त्यावर चढली, उतरली आणि डावीकडून खाडकन आवाज आला. त्याच क्षणी सारजामावशींच्या तोंडून "आई गं" निघालं. दोन्ही आवाज एकदमच आले, म्हणून मीही दुसरा पहिल्याच्या पदरात घातला. तिथंच माझंही चुकलं, पण ते तेव्हा कळायचं नव्हतं.

मावशींना उतरवायला तात्याबांनी मला हात लावू दिला नाही. गुडघ्याखाली एक हात, पाठीला एक हात, कोकरू उचलावं तसं उचलून लिंबाखालच्या बाजेवर ठेवलं. मग मी गाडी सपाटीला लावली. डावा कोपरा चांगला चार बोटं खाली बसलेला होता. उभ्या गाडीचं स्टेरिंग तात्याबांना फिरवायला लावून मी स्प्रिंगवर तळहात ठेवला, तर ती अडकून अडकून फिरत होती आणि मध्येच टणकन सुटत होती. यापूर्वी कुणीतरी त्यांना चाकांचं अलाइनमेंट करून दिलं होतं. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं मी पुटपुटलो. चाक काढलं, बॅटरी मारली. स्प्रिंगचा खालचा वेढा तुटून वाटीत पडला होता, आणि तुटलं होतं तिथंच वर ट्रॅक्टरच्या टायरचा कापलेला तुकडा वेढ्यांत ठोकून बसवलेला.

माझं डोकं फिरलं. "हे रबर कुणी घातलं? कुठल्या शहाण्यानं?"

"म्या," तात्याबा म्हणाले. "म्हणलं, हिला जरा मऊ लागंल."

"मऊ? अहो, रबर घातलं की स्प्रिंग तिथं हलत न्हाय. सगळा दणका खालच्या वेढ्यावर. तुमीच तोडली ही!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. तात्याबा चाकाशेजारी मटकन बसले. बाजेवरून सारजामावशी म्हणाल्या, "त्यास्नी काय बोलू नगंस. माझ्यापायी केलंय." मला राग आला की आधी सुटतो आणि मग विचार येतो, हे आमच्या घरातही सगळ्यांना माहीत आहे.

उजवी स्प्रिंग तुटली नव्हती, पण गंजून तिचे पापुद्रे सुटत होते. एकच बदलली असती तर गाडी दुसऱ्या बाजूला कलली असती. पुढच्या दोन्ही बदलायच्या ठरल्या. रविवारी शेक नसतो, म्हणून रविवारी तात्याबा गाडी घेऊन एकटेच आले.

स्प्रिंगचं काम मी कुणावर सोपवत नाही. शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर काढायचा, स्प्रिंगला दोन्ही अंगांनी आवळायचे हूक लावायचे आणि एकदा इकडं, एकदा तिकडं थोडं थोडं फिरवत दाबायचं, तेव्हा कुठं वरचा नट सोडता येतो. दाबलेली स्प्रिंग हूकमधून सुटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते. तात्याबांना लांब बसा म्हटलं तरी ते जवळच उकिडवे बसून राहिले. नवी स्प्रिंग हातात घेऊन त्यांनी कोरड्या फडक्यानं पुसली, खरं तर तिला धूळही नव्हती.

"ह्येनं दुखायचं ऱ्हाईल न्हवं?" त्यांनी विचारलं.

"गाडी आदळायची ऱ्हाईल," मी म्हणालो.

"म्हंजी तेच की."

मी पान्याकडं बघत "व्हय" म्हणालो.

सोमवारी शेक झाल्यावर दोघं परत आले. ब्रेकरवरून गाडी अशी उतरली की आवाज म्हणून नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला, का वाटू नये? तात्याबा तर उतरून माझ्या पाठीवर थापा मारत सुटले. "एकदा बी वराडली न्हाय ही, युवराज! निमगावपासनं हितवर एक शबुद न्हाय! थांब, पेढं आणतो," आणि चपला फटफटवत चौकाकडं गेले. त्यांना एवढं आनंदात मी मेंढरं होती तेव्हाही बघितलं नव्हतं.

सारजामावशींनी खिडकीतून बोट हलवून मला बोलावलं. त्यांच्या खालच्या ओठावर दातांची खूण होती आणि तिथं रक्त आलं होतं.

"मावशी, कमी आलं का?"

"गाडीचं आलं," त्या म्हणाल्या. थोडा दम खाल्ला. "माझं तसंच हाय. वाढलंय. डॉक्टरास्नी ठावं हाय, गोळ्या दिल्यात, पुरत न्हाईत. पण पयलं गाडी दणकायची, तवा मला वराडता यायचं. ह्यास्नी वाटायचं, गाडीनं दुखवलं. मग हे गाडीवर राग काढायचं. आता गाडी गप झाली. आता वराडलं तर हे कुणावर राग काढतील?"

मी म्हणालो, "तात्यांना सांगून टाका की एकदा."

"सांगून काय करतील? पुन्हा गाडीखाली शिरतील." त्यांनी माझं मनगट धरलं. बोटांत जोर राहिला नव्हता. "तू शाणा हायस. काय तरी वाजतं कर बाबा. मला कण्हाय जागा ऱ्हाऊ दे."

तुटकी स्प्रिंग परत घालता येत नाही. धावत्या गाडीत तिचं टोक टायर फाडेल. हे मी त्यांना सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो, कारण मी काय सांगतोय ते माझं मलाच कळेना. बाईच्या हाडांत आग पेटलीय आणि मी टायरची काळजी करतोय. पखालीला इंजेक्शन देणारा दुसरा कुणी नव्हता, मीच होतो. इतकी वर्षं हातात पाना धरला, पण एवढा निकामी मी कधी झालो नव्हतो. रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

शेवटी आत जाऊन स्क्रूड्रायव्हर आणला. डाव्या चाकाच्या वर आतून चिखल अडवायचा एक पत्रा असतो. त्याचे दोन स्क्रू काढले, तिसरा ढिला केला. धोका काही नाही, नुसता खडखडाट. मावशी आरशातून बघत होत्या. स्क्रू मी खिशात टाकले.

तात्याबा पेढे घेऊन आले. माझ्या हातावर दोन ठेवले, मावशींना अर्धा भरवला, बॉनेटवर थाप मारली आणि निघाले. ब्रेकर आला. पत्रा खडाडखडाड वाजला आणि मावशी कळवळल्या. गाडी तिथंच थांबली, आणि तात्याबा उतरून माझ्यावर धावून आले.

"युवराज, काय केलंस काय? आरं, परत वाजती! हिला बघ किती दुखलं!"

गिऱ्हाइकानं माझ्या कामाला नाव ठेवलेलं मी आजवर ऐकून घेतलेलं नाही. जळोचीत कुणालाही विचारा. त्या दिवशी खाली मान घालून म्हणालो, "जुनी गाडी हाय तात्या. तेवढं ऱ्हातंच."

"तुझ्यानं हुईत नसंल तर तसं सांग. दुसऱ्याला दावतो."

"दुसरीकडं नगा नेऊ. मीच बघतो परत."

"बघतो म्हणं," तात्याबा म्हणाले. माझ्या हातातल्या पेढ्यांकडं त्यांनी एकवार बघितलं आणि गाडीत जाऊन बसले. मावशींच्या पाठीमागची उशी सरळ केली. "जरा दम धर. ह्येच्याकडनं नीट करूनच घेतो हिला," असं त्यांना म्हणाले.

पुढच्या खड्ड्यात गाडी आदळली, पत्रा खडाडला आणि त्या आवाजात सारजामावशी पोटभर कण्हल्या. तात्याबांनी गाडीला शिवी घातली.