हक्कसोडीची साडी

कापसाचे दिवस फिरले होते, त्या सालांत मी केळापूर तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका होते. दर शनिवारी शाळा सुटली की बचत गटाच्या बायका व्हरांड्यात जमत आणि मी त्यांना नवा कायदा सांगे: बापाच्या वावरात मुलीचाही मुलाइतकाच वाटा. सांगायला मला फार आवडायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्यांच्यात अंगणवाडीत खिचडी शिजवणारी एक बाई होती, नवऱ्यानं टाकलेली. तिनं माझं ऐकलं. भाऊ हक्कसोडीच्या कागदावर सही घ्यायला आले, तेव्हा ती नाही म्हणाली. वाटा काही हाती आला नाही, तिनं लावलेला दावा कोर्टात पडून राहिला. माहेर मात्र लगेच तुटलं. आईच्या तेरवीलाही तिला कुणी बोलावलं नाही. मी तिला धीर धरायला सांगितलं. सांगायला काय जातं?

मग माझे वडील गेले. वर्षश्राद्ध उरकलं आणि भाऊ म्हणाला, "ताई, तुले नोकरी हाय, पगार हाय. इथं कापसाचं काही खरं नाही राह्यलं. एक सही करून दे."

कायदा मला तोंडपाठ होता. आई चुलीपुढं बसली होती, तिनं मान वर केली नाही. हे दार बंद झालं तर आई पुन्हा दिसायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी बरं म्हणाले.

पांढरकवड्याच्या रजिस्ट्री ऑफिसात साहेबांनी विचारलं, "स्वखुशीनं ना?" मी हो म्हणाले. सही केली, अंगठाही उमटवला. मग रीतीप्रमाणे भावानं साडी घेतली, वहिनीनं ती नेसायला लावली, पुरणपोळ्या वाढल्या. मी चार खाल्ल्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. राग नाही, दुःख नाही, काहीच नाही.

परतीच्या एसटीत तीच खिचडीवाली बाई बसलेली. तिनं सरकून जागा दिली. सण नाही, लग्न नाही आणि अंगावर कोरी साडी; आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. तिनं पदराचा काठ बोटांत धरून पाहिला.

"सही केली काय, मॅडम?"

"केली."

ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बरं केलं," ती म्हणाली. "दिवाळीले जाची सोय राह्यली तुमची."

"आणि तुम्ही?" विचारायला नको होतं.

"मी नाही करत. तुमीच त सांगतलं होतं."

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन व्हरांड्यात बसली. मी शाळेच्या मागच्या दारानं घरी गेले.