गळ्यातली मोजपट्टी

मिस्त्रींना सगळे वैद्य म्हणत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, "तिसऱ्या नंबरचा नोझल गेलाय." तीस वर्षं तो कान चुकला नव्हता. चहा पिताना रस्त्यावरून गाडी गेली की म्हणायचे, "ही पुढच्या आठवड्यात येतेय आपल्याकडे." आणि ती यायची.

आता तो कान बसला होता. एकदम नाही, जुन्या चपलेचा अंगठा सुटत जातो तसा हळूहळू. आधी बारीक शिट्या गेल्या, मग लोकांचं हळू बोलणं गेलं, आणि गेल्या वर्षभरात चालू इंजिन कुठलं नि बंद कुठलं हेही कळेनासं झालं. ठाऊक होतं फक्त बायकोला. ती गॅरेजच्याच कोपऱ्यात शिवणयंत्रावर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. दोघांनी खूण ठरवली होती: इंजिन चालू असलं की मोजपट्टी तिच्या गळ्यात, बंद झालं की मांडीवर. गिऱ्हाईक काही बोललं की ती तेच वैद्यांकडे तोंड करून पुन्हा मोठ्यानं बोलायची. लोक हसायचे, वहिनींकडे सगळं दोनदा ऐकायला मिळतं म्हणायचे. म्हणोत बापडे. बहिऱ्या वैद्याकडे गाडी कोण आणणार? आणि गॅरेजला कुलूप लागलं तर या माणसानं दिवसभर घरातल्या भिंती मोजायच्या का?

त्या दुपारी बायको एका बसच्या सीटची मापं घ्यायला गेली होती, मोजपट्टीसकट. नेमक्या तेव्हाच नर्सबाई आल्या. दारोदार जाऊन बाळंतपणं करणारी बाई. जुनी डिझेल गाडी वडलांच्या वेळची, बाईंपेक्षा चार वर्षांनी धाकटी. गाडीतून उतरून त्या पिशवीत चष्मा शोधत, खाली मान घालूनच बोलल्या, "वैद्य, किल्ली काढली तरी ही बंद होत नाही. सकाळी पेशंटच्या दारात गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून तिचा गळाच दाबला मी."

वैद्यांना बाईंचे ओठ दिसलेच नाहीत, दिसला तो भांग. "हं हं, बघतो की," ते सवयीनं म्हणाले.

त्यांनी किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली. किल्ली खिशात म्हणजे गाडी झोपली, हा तीस वर्षांचा हिशेब. बॉनेट वर केलं. हाताला थरथर लागली, पण शेजारचा दगडवाला दगड कापायच्या यंत्रानं दिवसभर जमीन हलवत असायचा, आणि थोडी थरथर हल्ली त्यांची स्वतःचीही असायची. पट्ट्याजवळचं तेल पुसायला ते फडकं घेऊन वाकले.

फडकं हातातून कुणीतरी हिसकावलं. पंख्यानं. चिंध्या उडाल्या आणि त्याच क्षणी बाईंनी दंडाला धरून त्यांना मागे खेचलं. वैद्यांनी बोटं मोजली. पाचही होती. मग त्यांनी इंजिनच्या बाजूचा, हातानं बंद करायचा दांडा दाबून धरला. थरथर विझली.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" बाई समोर येऊन म्हणाल्या. "मग तीन हाका मारल्या मी."

"तो दगडवाला... त्याच्या यंत्राच्या आवाजात..."

"तो केव्हाचा जेवायला गेलाय, वैद्य."

तेवढ्यात बायको आली. चिंध्या बघून तिनं एकच विचारलं, "बोटं?"

"आहेत."

"नशीब तुमचं."

"वहिनी, हे कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो, सर्दीनं कान दडपलेत जरा."

"किती वर्षांची सर्दी?"

बायको चिंध्या वेचायला लागली. बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. "मला संध्याकाळी एका अवघडलेल्या पोरीकडे जायचंय. गाडी ठेवू का दुसरीकडे नेऊ, खरं सांगा."

वैद्यांनी खिशातल्या किल्लीवर मूठ आवळली. "अर्धा तास द्या. नाही जमलं तर मीच दुसऱ्याकडे पोचवतो."

त्यांनी गाडी चालू केली. मोजपट्टी बायकोच्या गळ्यात गेली. या जातीच्या गाडीत इंजिन एका बारीक नळीतून हवा ओढत असतं. किल्ली बंद केली की तीच ओढ डिझेलची वाट अडवते. ओढ कुठं गळत असली तर बारीक फुसफुस होते, ती पूर्वी त्यांना दारातून ऐकू यायची. आता त्यांनी किल्ली बंद केली, इंजिन चालूच राहिलं, आणि डिझेलच्या पंपाकडची नळी उपटून तिचं टोक ओठाला लावलं. मेलेली. मग ओढ जिथून निघते तिथली नळी काढली. ओठ चटकन आत खेचला गेला.

"इथं जोर आहे," ते म्हणाले. "मधे कुठंतरी गळतंय."

बाई जवळ सरकल्या. "नवं बाळ दूध ओढेल का, ते आम्हीही असंच बघतो. तोंडात बोट देऊन. कान कुठं लागतो त्याला?"

वैद्यांना अर्धंच कळलं, पण बाईंचं बोट दिसलं आणि ते हसले.

इंजिन दांड्यानं बंद करून ते स्टिअरिंगखाली उताणे आडवे झाले. किल्लीच्या मागं नळी जोडणारा रबराचा तुकडा बोटानं चाचपला. टाचेसारखा भेगाळला होता. नवा बसवला, बाहेर आले, गाडी चालू केली, त्याच ओढीवर चालणाऱ्या ब्रेकचा पायडलही दाबून पाहिला. मग किल्ली फिरवली.

रोजच्यासारखी मान कोपऱ्याकडे वळायला लागली, ती त्यांनी अर्ध्यात थांबवली. खिडकीशी उभ्या बाईंकडे बघून, गिऱ्हाइकासमोर आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी विचारलं, "बाई, बंद झाली का?"

बाईंनी खाली वाकून तोंड त्यांच्या समोर आणलं आणि सावकाश म्हणाल्या, "झाली. उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडे जायचं माझ्याबरोबर. आणि तोवर वहिनी जागेवर नसताना बॉनेट उघडायचं नाही."

"आणि गाडी?"

"गाडी तुमच्याचकडे येणार. दुसरा कोण तिला ओठ लावणार आहे?"

बायकोचा हात मोजपट्टीवर तसाच राहिला होता. तिनं ती गळ्यातून काढली आणि बसच्या सीटचं कापड मापायला घेतलं.