डांबराबाहेरचे पंजाबराव

अकोल्याच्या त्या शोरूमचा कूलर फुटला तो सर्वस्वी संघपाल सिरसाटांमुळे. हे ते स्वतःही कबूल करतात; फक्त आधी "सवयीनं" एवढा शब्द घालतात.

गाडी होती चार चाकांची, दोन सीटांची. दारं नाहीत, काचा नाहीत, डोक्यावर नुसता लोखंडी पाइपांचा सांगाडा. जीप लहानपणी अंगणात रांगत असताना अशी दिसत असावी. स्टिअरिंगवर पंजाबराव गावंडे, शेजारी संघपाल. शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत, मे महिन्याच्या उन्हात, दामिनी नावाची मुलगी गिअर समजावून सांगत होती. इंजिन सुरू होतं, गिअर पडलेला होता.

"काका, मी सांगेपर्यंत पाय दाबायचा नाही हं."

पंजाबरावांनी मान डोलावली. संघपालांनी बूड नीट टेकवलं, पट्टा बांधला आणि डोक्यावरच्या पाइपावर बोटानं दोनदा टकटक केलं.

आता हे दोघं कोण, ते सांगायला हवं. पंजाबराव एसटीचे ड्रायव्हर आणि संघपाल त्यांचे कंडक्टर. बाळापूरच्या बाजूला एकाच गाडीवर एकोणीस वर्षं. एक घंटा म्हणजे थांबा, दोन घंटा म्हणजे चला. दोन घंटा ऐकल्यावर पंजाबरावांचा पाय त्यांच्या डोक्याला विचारत बसत नसे. निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी तो पाय अजून नोकरीतच होता. गाडी सुटली ती थेट खिडकीपाशी उभ्या असलेल्या भल्यामोठ्या कूलरवर. टाकी नुकतीच भरली होती. वाळ्याच्या गार पाण्याने दोन्ही निवृत्त कर्मचारी चिंब झाले. त्या उन्हात ते वाईट नव्हतं, पण तसं म्हणण्याची ती वेळ नव्हती.

"काहून वाजवली बे?" पंजाबराव म्हणाले.

"तुमी काहून सोडली?"

याहून मोठी पंचाईत वेगळीच होती. संघपालांना दुर्गावैनींनी, म्हणजे पंजाबरावांच्या बायकोनं, मुद्दाम सोबत धाडलं होतं. "भाऊजी, तुमचं ऐकतेत ते. गाडी पाहू द्या, हात लावू द्या, पन घेऊ देऊ नका," असं दहादा बजावून. आणि इथं गाडीचा एक दिवा फुटलेला, पुढचं तोंड वाकलेलं. पंजाबराव उतरले, वाकलेल्या पत्र्यावरून हात फिरवला आणि दामिनीला म्हणाले, "बाई, आपल्या हातानं ठोकली, आता आपलीच. कूलरचंबी त्यातच धरा."

अडवायला गेलेल्या माणसानं दोन टकटकींत सौदा करून दिला होता.

दामिनी इमानदार मुलगी. तिनं कागद पुढे करताना स्पष्ट सांगितलं, "काका, या गाडीचं पासिंग होत नाही. डांबरी रस्त्यावर चालवायची नाही. ही ट्रेल रायडिंगची गाडी आहे. म्हणजे जंगलवाटा, डोंगर, असं."

"म्हंजे पांदन," पंजाबराव म्हणाले. "वावरात जाची वाट. मले तेच पायजे."

गाडी टेम्पोत चढली. गावी उतरली तेव्हा निम्मं गाव जमलं. याले नांगर लागते का? नाई. फवारा? नाई. कापसाचं गाठोडं तरी मावते? नाई. "मंग हे करते काय?" बंडू टेलरनं विचारलं. पंजाबराव म्हणाले, "जाते." गावाला वाटलं माणूस उन्हानं डोक्यातून गेला. दुर्गाबाई आत गेल्या, आणि आतून भांड्यांचा जो आवाज आला त्यातून संघपालांना सगळं समजलं.

चहा मिळाला, पण साखर कमी होती.

"कंडक्टर असूनसन्या तुमाले गाडी थांबवता येत नाई?" वैनींनी विचारलं. "येवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या. पाठीचं दुखनं, वय, अन् आता हे. कुठी जाचं हाय तरी कुठी यायले?"

तेव्हा पंजाबराव बोलले. ते मुळात कमी बोलणारे. त्यांची सगळी नोकरी पाठीमागच्या माणसांशी आरशातून झालेली. रोज सकाळी ते वर्तमानपत्राच्या कागदानं आरसा पुसत, समोरची काच नंतर. उतरलेला माणूस त्यांना आरशात दिसे: फाट्यावर पिशवी खांद्याला लावणारा, पदर सावरणारा, मग तुरीच्या मधल्या वाटेनं लहान लहान होत जाणारा.

"येवढ्या लोकायले म्या फाट्यावर सोडलं," पंजाबराव म्हणाले. "पुढं कोन कुठी गेलं, मले मालूम नाई. आपली गाडी डांबर सोडत नव्हती. तो कडुनिंबाचा बुढा आठवते, संघपाल?"

संघपालांना आठवत होता. पांढरी टोपी, हातात काही नाही. दर गुरुवारी एका कडुनिंबापाशी एक घंटा द्यायला लावी. तिथं थांबा नव्हता, गाव नव्हतं, झोपडीही नव्हती. पाटी नसलेली एक पांदण तेवढी आत जाई. संघपालांनी त्याला एकदाच विचारलं होतं, "बाबा, इथं कोन हाय?" तो नुसता हसला होता. मग एका वर्षी तो यायचा बंद झाला. गुरुवारी त्या झाडापाशी पंजाबराव पुढे कित्येक महिने गाडी जरा हळू घेत, हे संघपालांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

दुर्गाबाईंनी थोडा वेळ विचार केला. "ठीक हाय. एक डाव जाऊन या. ज्यासाठी येवढं केलं, ते काय हाय ते पाहून या. काई असलं तं ठेवा. नसलं तं गाडी इकाची. अन् मी तुमाले नाई, भाऊजीले इचारीन. ते खोटं बोलत नाईत."

संघपालांना वाटलं, आपण खोटं बोलत असतो तर किती बरं झालं असतं.

पहाटे दोघं निघाले. वावरातून, बांधाबांधानं गाडी मजेत चालली. पण कडुनिंब होता रस्त्याच्या पलीकडे. डांबराच्या कडेला पंजाबरावांनी इंजिन बंद केलं. "उतर. ढकलाची हाय."

"आवो, वीस फुटाचं तं डांबर हाय. कोन पाहून राहिलं?"

"पासिंग नाई."

एवढ्या नोकरीत एकही अपघात न केलेला माणूस कूलरची नोंद सोडली तर अजून तसाच होता. दोन म्हातारे गाडी ढकलत रस्ता ओलांडू लागले, आणि नेमकी तेव्हाच बाळापूरची एसटी आली. नव्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून त्यांना वाट दिली, आणि खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय गावंडेसाहेब, बंद पडली का?" संघपालांना जमिनीत जावंसं वाटलं. पंजाबरावांनी मात्र त्याला हात करून सलाम ठोकला.

पांदण अरुंद होती. दोन्हीकडच्या वावरवाल्यांनी वर्षावर्षाला नांगराचं एकेक तास आत घेत ती बैलगाडीच्याही कामाची ठेवली नव्हती. बाभळीची डहाळी दोन्ही बाजूंनी पाइपांना घासत होती. कोरड्या नाल्यात गाडी नाकावर उतरली आणि शेपटीवर चढली. संघपालांनी दोन्ही हातांनी पाइप घट्ट धरला होता. मग वावरं संपली. मुरमाड टेकाड लागलं, आणि त्याच्या माथ्यावर वाट संपली.

तिथं देऊळ नव्हतं, समाधी नव्हती, विहीर नव्हती. गवत होतं वाळलेलं, आणि बसण्याजोगा एक सपाट दगड.

संघपालांनी टेकाडाला दोन फेऱ्या मारल्या, वाकून वाकून पाहिलं, उगाच दोन खडे उचलून टाकले. म्हाताऱ्यानं एखादी खूण तरी ठेवायची. एखादं झाड लावायचं. निदान बिडीचं थोटूक. वैनींना सांगायला काहीतरी.

पंजाबराव दगडावर बसले होते. संघपाल त्यांच्यामागे येऊन उभे राहिले, नोकरीतल्यासारखे, आणि मग त्यांनाही दिसलं. खाली काळं रान पसरलं होतं, आणि त्यातून आपला रस्ता जात होता. सगळा. बाळापूरकडच्या वळणापासून पार तिकडे निळसर होईपर्यंत. एकोणीस वर्षं रोज त्यावरून गेले, पण तो असा वाकडातिकडा, असा बारीक आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. प्रत्येक फाट्याला त्यातून एकेक पांढुरकी रेघ निघून रानात शिरत होती. मघाची एसटी परत फिरली होती. एका फाट्यावर ती थांबली, एक लाल ठिपका उतरला, बहुतेक लुगडं असावं, आणि रेघेवरून चालू लागला. तो ठिपका बाभळींच्या पलीकडे गेला, तिथून पुन्हा निघाला, एका पत्र्याच्या छपरापाशी पोचला आणि आत गेला.

पंजाबरावांनी सुस्कारा सोडला. ऊन चढलं.

शेवटी संघपालांना राहवेना. "पंजाबराव, इथं तं काईच नाई. वैनी इचारतीन, अन् मले खोटं बोलता येत नाई. काय सांगू त्यायले?"

पंजाबरावांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"काईच नाई म्हन, अन् उद्या डबा दोघायचा बांधजो म्हन."