दुखवट्याचा हेडफोन

माझी सून लातुरात बायांना नाचायला शिकवते. लग्नातला नाच नाही, व्यायामाचा. गल्लीच्या टोकाला एक हॉल आहे, तिथं सकाळी बाया जमतात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला साखर आहे, कुणाला नुसतं घराबाहेर पडायचं असतं. गाणी सगळी मशीनवर केलेली. शब्द थोडे, ढमढम जास्त. दर थोड्या दिवसांनी तिला नवा नाच बसवावा लागतो, नाहीतर बाया कंटाळतात आणि दुसऱ्या क्लासला जातात. तो नाच ती घरी, पुढच्या खोलीत बसवायची. त्याच खोलीत माझ्या बायकोची खाट होती.

आम्ही मूळचे नायगावकडचे. तिथं माझी पिठाची गिरणी होती. आधी डिझेलच्या इंजिनावर, मग मोटारीवर. गिरणीचे आवाज दोन. खाली इंजिनाचा ढम, आणि पट्ट्याचा जोड चाकावरून गेला की वरचा चट. ढम, चट, ढम, चट. आमचा सगळा संसार त्या आवाजात झाला. बायको वरून दाणे ओतायची आणि तिचा पाय आपोआप हलायचा. दगडात दाणा कमी पडला तर मी बघायच्या आधी तिला आवाजावरून कळायचं.

तिची तब्येत बिघडली तशी गिरणी दुसऱ्याला चालवायला दिली आणि पोराकडं लातूरला आलो. पहिल्या दिवशी सुनेनं स्पीकर लावला तेव्हा मला वाटलं, आता म्हातारी बेजार होणार. मी म्हणालो, "बंद कर ते."

खाटेवरून आवाज आला, "अवो, राहू द्या की. गिरणीच चालू हाय जणू."

मग ते रोजचंच झालं. "लाव गं तुझी गिरणी," असं ती म्हणायची आणि सून लावायची. बायकोची बोटं चादरीवर चालायची. सुनेचा पाय चुकला की खाटेवरून, "दाणा संपला बघ तुझा." दोघी हसायच्या. सून बाहेर गेल्यावर बायकोला करमावं म्हणून सुनेनं त्यातलं एक गाणं तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं होतं.

अंघोळ, औषध, वेणी, सगळं सूनच करायची. पोटच्या पोरीनंही केलं नसतं असं म्हणायची पद्धत आहे. मला पोरगी नाही, त्यामुळं तुलना करता येत नाही. एवढं सांगतो, की बायको गेली तेव्हा तिच्या केसात गुंता नव्हता.

ती थंडीत गेली. माझी थोरली बहीण, आक्का, पलीकडच्याच गल्लीत राहते. तेराव्याला तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "वरीसभर ह्या घरात गाणंबजावणं नको, नवीन वस्तू नको." आमच्यात तसंच असतं. मीही मान हलवली. माझं कुठं काही ऐकायचं मन होतं.

सुनेनं स्पीकरवर फडकं टाकलं. क्लास चालू ठेवला, पण जुनेच नाच. एका दुपारी मी बाहेरून आलो तर ती पुढच्या खोलीत आवाजाशिवाय नाचत होती. ओठातल्या ओठात मोजत होती. दोन पावलं टाकायची, थांबायची, परत पहिल्यापासून.

"काय करायलीस?"

"नवा बसवायलेय मामा. आवाज न्हाई तर पाय कुठं पडायलाय तेच कळंना. चार बाया गेल्या दुसरीकडं. हॉलवाला म्हणाला, बाया कमी झाल्या तर सकाळची वेळ दुसऱ्याला देतो."

"मग ते कानाला लावायचं असतंय, ते घे की. कॉलेजची पोरं घालून फिरतात ते."

"आक्कांनी नको म्हणलंय. कानात वाजलं तरी वाजलंच की. आन् दुखवटा निघाल्याबिगर नवीन कसं आणू?"

दुखवटा काढायची आमच्याकडं रीत अशी की बाहेरचं जवळचं माणूस येतं, नवं कापड देतं, गोड खाऊ घालतं आणि म्हणतं, झालं आता, उठा, कामाला लागा. घरच्यानं घरच्याचा काढायचा नसतो. सुनेचा काढायचा तर तिच्या माहेरचं कुणीतरी पाहिजे. माहेर देगलूरकडचं. आई-बाप गेलेले, भाऊ नाही. पोराचा दुखवटा त्याच्या मामानं काढला, माझा माझ्या साडूनं काढला. तिचा तसाच राहिला. येणारं कुणी नव्हतंच, आणि हे तिला माझ्या आधी कळलेलं होतं. तिनं तोंडातून कधी काढलं नाही.

मी ठरवलं, ते यंत्र आपणच आणायचं.

आधी गंजगोलाईकडं एका दुकानात गेलो. "कानाला लावायचं दाखवा," म्हणालो. दुकानदारानं माझ्याकडं बघून बहिऱ्या लोकांचं मशीन काढलं. मी म्हणालो, "मला ऐकू येतंय, तुमचं डोकं जाग्यावर हाय का बघा." तेवढ्यात आमच्या गल्लीतली एक बाई तिथं चार्जर घ्यायला आली. म्हणाली, "काय घेताव काका?" मी म्हणालो, "काय न्हाई, ऊन लागलं म्हणून उभा राहिलो." आणि निघालो. लातुरात घेतलं असतं तर घरी पोचायच्या आधी आक्काला कळलं असतं.

म्हणून गावाकडं जायला निघालो तेव्हा नांदेडला उतरलो. तिथं एका दुकानात एक बाई होती, माझ्या सुनेपेक्षा थोडी मोठी. गल्ल्यावर बसून डबा खात होती. तिला सरळ सांगितलं, "ढमढम गाण्याचा हेडफोन पाहिजे. नाचायसाठी."

ती चपातीचा घास हातात धरून म्हणाली, "तुमाला?"

"मला कशाला. माझं नाचायचं वय ऱ्हायलंय का? सुनेला."

"असं सांगा की. स्वस्तातला, मधला का भारीतला?"

"स्वस्तातला टिकत न्हाई. भारीतला नेला तर पोरगं पैशावरून मलाच शिकवत बसंल. मधला दाखवा."

तिनं हात धुतले आणि तीन-चार डबे काढले. कानात खुपसायचे मी बाजूला सारले, उडी मारली की ते पडणार. वायरचा नको, हात फिरवताना अडकेल. राहिले ते डोक्यावरून घ्यायचे, कान पूर्ण झाकणारे. बाई म्हणाली, "कोणतं गाणं लावू?"

मी खिशातून बायकोचा मोबाइल काढला. ती गेल्यापासून तो मी रोज चार्ज करत होतो आणि त्यातलं काही लावत नव्हतो. कशाला चार्ज करत होतो ते विचारू नका. बाईनं गाणं शोधलं, म्हणाली, "हे एकच हाय ह्यात." मी म्हणालो, "तेच."

पहिला कानाला लावला. नुसता ढम. डोकं रांजणात घातल्यासारखं. चट कुठंच नाही. काढला. दुसऱ्यात चट होता पण ढम पत्र्यावर खडा पडल्यासारखा. तो पण काढला. तिसरा लावला आणि मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. ढम वेगळा, चट वेगळा. खालचा छातीत, वरचा कानात, दोघं एकमेकांना ढकलत नव्हते. पट्टा नीट बसलेला होता. आणि दाणे ओततानाचा तिचा पाय मला दिसला, जोडव्यासकट.

किती वेळ बसलो माहीत नाही. बाईनं गाणं बंद केलं नाही. गिऱ्हाइकं आली, तिनं त्यांना पलीकडच्या बाजूनं घेतलं. मी डोळे पुसले तेव्हा ती म्हणाली, "हाच का काका?"

मी म्हणालो, "थांबा, अजून बघायचंय," आणि तो घालून दुकानात उड्या मारल्या. डोकं हलवलं, वाकलो, उठलो. हेडफोन हलला नाही. दारातला एक माणूस बघतच राहिला. बाई म्हणाली, "काका, गुडघं फुटतील, मला दवाखान्यात न्यावं लागंल." कान झाकलेले असल्यामुळं मी तिला मोठ्यानं उत्तर दिलं, ते रस्त्यापर्यंत गेलं असावं.

शेवटचं काम राहिलं होतं. मी तिलाच तो घालायला लावला, गाणं लावलं आणि तिच्या कानाजवळ उभा राहिलो. बाहेर कुसकूससुद्धा नाही. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत आहे, म्हणून हे बघणं भाग होतं. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "कुणाच्या घरी एवढं बघून घेतेत? माझा सासरा मला मोबाइलचं कव्हर आणत न्हाई." तिनं डबा चांगल्या कागदात बांधून दिला. मी सांगितलं नव्हतं.

लातूरला आलो तर घरात आक्का बसलेली. बरंच झालं. चोरून द्यायचं माझ्या मनात नव्हतंच. सुनेला हाक मारली, पाटावर बसवली आणि डबा तिच्या हातात दिला.

आक्का म्हणाली, "काय हाय ते?"

"गाणं ऐकायचं यंत्र. हिचा दुखवटा काढायलोय."

"तू? तू घरचा माणूस हायस. तुला काढता येतो व्हय?"

"सासरा म्हणून येत न्हाई. हिचा बाप म्हणून येतो. देगलूरहून कुणी येणार हाय का? आलं तर मी माघारी घेतो."

आक्का माझ्याकडं बघत राहिली, मग सुनेकडं. सून खाली मान घालून कागदावरच्या दोऱ्याची गाठ सोडवत होती, ती सुटत नव्हती. मला वाटलं, आता आक्का उठून जाणार आणि चार घरं सांगत सुटणार.

आक्का म्हणाली, "कापड कुठाय?"

"कसलं कापड?"

"अरे गाढवा, दुखवटा काढायलास का बाजार करायलास? नवं कापड नको का अंगावर? गोड कुठाय?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळं ध्यान ढम आणि चटमध्ये. अशा गोष्टी घरात बायकोच बघायची. आक्का उठली, चप्पल घातली आणि गेली. आली ती हिरवा खण आणि वाटीभर साखर घेऊन. खण सुनेच्या ओटीत टाकला, साखर तिच्या तोंडात घातली. "हं. ऊठ आता, लाग कामाला," असं म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. मग मला म्हणाली, "बाप व्हायला निघाला, खण आणायची अक्कल न्हाई." ते खरंच होतं.

सून माझ्या आणि आक्काच्या पाया पडली. मग हेडफोन हातात घेऊन म्हणाली, "मामा, सासूबाईंचा मोबाइल द्या. त्यातलंच लावते आज."

ती पुढच्या खोलीत गेली. खाट तिथंच आहे, आम्ही हलवलेली नाही. मी आणि आक्का खाटेवर बसलो. खोलीत आवाज नव्हता, फक्त फरशीवर तिची पावलं. पण गाणं मला पाठ होतं. पाऊल पडलं की ढम, टाच फिरली की चट. मधे एकदा ती चुकली, थांबली आणि खाटेकडं बघितलं.

मी म्हणालो, "दाणा संपला बघ तुझा."

तिला ऐकू गेलं नसणार, कान झाकलेले होते. पण ती हसली आणि परत पहिल्यापासून सुरू झाली.

नवा नाच बसला. हॉल तिच्याकडंच राहिला. गेलेल्यांपैकी दोघी परत आल्या. नाचून झालं की हेडफोनच्या गाद्या घामानं भिजतात, म्हणून ती तो वाळायला खिळ्याला अडकवते. त्या खिळ्याला पूर्वी बायकोचा टॉवेल असायचा. सुनेनं विचारलं होतं, इथं लावला तर चालेल का. मी म्हणालो, तिथंच लाव.