वर मी होतो

"हे कुठून आनलं?"

सुभेदारसाहेबांनी माझ्या छातीवरचं मेडल दोन बोटांत धरलं होतं. सव्वीस जानेवारी. आमच्या गावच्या हायस्कूलचं मैदान. झेंडावंदन झालेलं, पोरं ओळीत बसलेली, गाव कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभं. माजी सैनिकांचा सत्कार होता. आम्ही मोजकेच. मी ओळीत शेवटचा. सुभेदारसाहेब शेजारच्या गावचे, तालुक्यातल्या माजी सैनिकांचे पुढारी, त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे. एकेकाला शाल घालत, पाठीवर थाप मारत पुढे सरकत होते. माझ्यापाशी येऊन थांबले.

मी खरं तेच सांगितलं. "दुकानातून, साहेब."

त्यांच्या हातात माईक होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. आधी मास्तर लोक हसले, मग पोरं, मग भिंतीपाशी उभं असलेलं गाव.

फौजेत राहिलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काहीच वाटणार नाही. सरकारी मेडल हातात यायला वर्षं जातात. तोवर परेडला रिकाम्या छातीनं कसं उभं राहायचं? म्हणून प्रत्येक छावणीच्या बाजारात मेडलवाल्याचं दुकान असतं. कुठलं मेडल ते आपण सांगायचं, तो लावून देतो. साहेब लोकही तिथूनच घेतात. पुढे खरं मेडल आलं की ते जपून पेटीत ठेवतात आणि दुकानातलंच मिरवतात. खऱ्याच्या कडेला नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. दुकानातल्याची कड कोरी असते.

हे सुभेदारसाहेबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांच्या छातीवरची सगळी रांग दुकानातलीच होती. तरी त्यांनी माझं मेडल उलटं करून कड पाहिली.

"नाव नायी याच्यावर. खरं घरी असन ना?"

"आलं नाही अजून, साहेब."

"रिटायर होऊन किती जमाना झाला? ट्रेड कोनता होता तुहा?"

"सफाईवाला."

"सफाईवाला," ते म्हणाले. "अन् मेडल ग्लेशियरचं." मग माईक बाजूला धरून, पण तरी ऐकू जाईल असं, "काढ ते. कागद दाखव, मंग घाल."

मंडपातल्या खुर्चीतून संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब बोलले, "जाऊ द्या ना साहेब. हौस असते एकेकाले."

मी काढलं. पिन निघता निघेना. सगळे वाट पाहत राहिले. निघालं तेव्हा मुठीत धरलं, मग त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि मास्तरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मला तिथंच मरून जावंसं वाटलं. घरी आलो, शाल सुमनच्या अंगावर फेकली. सुमन म्हणजे माझी बायको. तिनं सगळं पाहिलं होतं. तीही भिंतीपाशीच उभी होती.

भरतीला गेलो तेव्हा धावण्यात मी पुढे होतो. छाती भरली, उंची भरली. टेबलामागच्या बाबूनं जात विचारली, मी सांगितली. त्यानं मान वर न करता लिहिलं आणि माझा ट्रेड ठरला. बापानं गावात जे केलं तेच मी वर्दी घालून करायचं होतं. तरी मी खूष होतो. वर्दी होती ना. गावातल्या कुणाच्या अंगावर नव्हती ती माझ्या अंगावर होती. आज स्वतःचाच राग येतो, पण तेव्हा खूष होतो हे खरं आहे.

मग आमची पलटण ग्लेशियरला, बर्फाच्या सरहद्दीवर गेली. माझं नाव बेस कॅम्पला, खाली. मेडल मिळतं ते वर राहिलेल्यांनाच. वरच्या पोस्टवर जाणाऱ्यांच्या यादीत वानखडेचं नाव होतं. वानखडे कारंज्याचा, आपल्याच जिल्ह्यातला म्हणून माझ्याशी बोलायचा. घरून आलेले लाडू अर्धे द्यायचा. वर निघायच्या आदल्या दिवशी त्याला ताप भरला, छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, हा वर गेला तर परत येणार नाही. माणूस तर कमी पडत होता. उंचीची सवय व्हायची सगळी कवायत मीही त्यांच्याबरोबर केली होती. आमच्या कंपनी कमांडर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू चल." बस, एवढंच.

यादी आधीच गेली होती. क्लार्क म्हणाला, खाली आल्यावर दुरुस्त करू.

वरचं मी फारसं कुणाला सांगत नाही. सांगून कळत नाही. फक्त एक सांगतो. तिथं माझा ट्रेड कुणी काढला नाही. रायफल घेऊन पहारा दिला. बर्फ खोदला, रसद ओढली, बर्फाच्या भेगेत गेलेल्या एका जवानाला चौघांनी मिळून वर खेचला, त्या चौघांत मी होतो. घाणीचा डबा उचलायची पाळी असायची, ती साहेबांवरही यायची. एका बुखारीच्या शेगडीभोवती सगळे बसायचो, एकाच मगातून प्यायचो. इतकं सुख मला गावात कधी मिळालं नाही. मरणाच्या थंडीतलं सुख, पण सुख.

खाली उतरलो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी हाक मारली, "ए सफाईवाले." मी गेलो. झाडू घेतला.

क्लार्कची बदली झाली होती. नवा म्हणाला, होऊन जाईल. त्याच्यानंतरचाही तेच म्हणाला. रिटायर होताना विचारलं तेव्हाही होऊन जाईल. मग गावी आलो, ओढ्याकाठचा तुकडा होता त्यात वांगी, मेथी, पालक लावू लागलो, केनवडच्या बाजारात विकू लागलो. दुकानातलं मेडल दर झेंडावंदनाला लावत होतो. कुणी कड पाहिली नव्हती.

त्या सव्वीस जानेवारीनंतर मी वाशीमला गेलो. तिथं माजी सैनिकांचे अर्ज घेणारा बाबू भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, ज्याच्या जागी तुमी गेल्ते त्याचं नाव काय?"

"ते कशाला?"

"नाव लिवलं तं त्याईले शोधता येईन. नायी तं नुसतं तुमचं सांगनं राहते."

मी नाव दिलं नाही. वानखडेला त्रास कशाला, असं वाटलं. त्याचा काय दोष? तो आजारी पडला होता. अर्जात लिहिलं, 'आजारी जवानाच्या जागी मला वर पाठवण्यात आले.' बाबूनं अर्ज पुढे पाठवला. उन्हाळा लागला तेव्हा उत्तर आलं. उपलब्ध नोंदीनुसार आपण त्या काळात बेस कॅम्पला होता. त्या वेळचे इतर कागद मुदत संपल्यामुळे नष्ट करण्यात आले आहेत. सबब विनंती मान्य करता येत नाही.

कागद त्यांनी जाळले आणि पुरावा मी आणायचा. उत्तर घेऊन परत वाशीमला गेलो तेव्हा बाबूनं चहा मागवला. म्हणाला, वर तुमच्याबरोबर असलेल्या कुणी शपथेवर लिहून दिलं तर पाहू. मी आठवू लागलो. आमचे साहेब वारले. बाकीचे कुठले कुठले, कुणाचा पत्ता नाही. एकच ठिकाण माहीत होतं, वानखडेचं. तो वर नव्हता, पण त्याच्याऐवजी कोण गेलं हे त्याला ठाऊक होतं.

मंगरूळपीरमार्गे एसटीनं कारंज्याला गेलो. वानखडेचं घर दोन मजली, फाटकावर संगमरवरी पाटी, 'माजी सैनिक'. त्यानं मला पाहिलं आणि धावत येऊन मिठी मारली. बायकोला म्हणाला, "अवं, हा कोन हाय मायती हाय का तुले? याच्यामुयं जित्ता हाय मी." जेवायला बसवलं, आग्रह करून वाढलं. मला भरून आलं. वाटलं, काम झालं.

बैठकीत काचेच्या चौकटीत त्याची मेडलं लावली होती. त्यात ग्लेशियरचंही होतं. मी पाहत राहिलो. त्याच्या ध्यानात आलं तसा तो बोलायचा थांबला.

मी म्हणालो, "एवढंच लिहून दे. तुझ्याऐवजी मी वर गेलतो."

त्यानं चौकटीकडे पाहिलं. मग बायकोला आत पाठवलं.

"गड्या, माया जावई फौजेत हाय. लेकीच्या सासरी मले मानतेत. या गावात हरेक झेंड्याले मले बोलावतेत. आता म्या लिवून देऊ का, का म्या वर गेलोच नव्हतो?"

"तू गेला नव्हता."

"ते मले मायती हाय ना बापा. तुले मायती हाय. देवाले मायती हाय. बास नायी का?"

"नाही."

तो उठला, चौकट भिंतीवरून काढली, मागचे खिळे सोडवले. ते मेडल काढून माझ्या हातावर ठेवलं.

"घे. तुहंच हाय हे. ने घरी. म्या म्हनतो ना, तुहंच हाय."

जड होतं. दुकानातल्यापेक्षा जड. मी उलटं केलं. कडेला बारीक अक्षरं होती. नंबर त्याचा, हुद्दा त्याचा, नाव त्याचं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या तळहातावर होतं आणि त्यावर वानखडे लिहिलं होतं. मला रडू आलं नाही. राग आला.

"कड कोन पाह्यते?" तो म्हणाला.

"पाहतात. माझी पाहतात."

मेडल त्याच्या टेबलावर ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या. तो फाटकापर्यंत मागे आला. म्हणाला, दुसरं काही लागलं तं सांग, पोराच्या नोकरीचं, दवाखान्याचं, काईबी. खरंच म्हणत होता. मनानं वाईट नाही तो. मनानं चांगला आहे, पंगतीला बसवतो, मिठी मारतो, फक्त माझं आहे ते स्वतःच्या भिंतीवर लावून ठेवतो. सुभेदारसाहेबांनी अपमान केला तो मी गिळला होता. हा गिळला गेला नाही. स्टँडवर बसल्या बसल्या मला कळलं, यानं मला जे देऊ केलं ती भीक होती, आणि ती माझ्याच घामाची होती.

घरी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "सोडा आता. काय भेटते त्याच्यातून? आपल्याले पोट हाय, वावर हाय." ती थकली होती. मीही.

ऑगस्ट लागला. मी वांग्यात खुरपत होतो. हायस्कूलचा शिपाई सायकलवरून आला. म्हणाला, भाऊसाहेबांनी निरोप दिलाय, पंधरा ऑगस्टला तुमचा सत्कार आहे.

"कशाबद्दल?"

"स्वच्छतादूत म्हनून. पेपरवाले येनार हाय. नवा झाडू देनार हाय तुमच्या हातात, फोटोसाठी. अन् भाऊसाहेब म्हने, ते मेडल-बिडल काही घालू नका म्हना, उगीच वाद नको."

शिपाई गरीब माणूस. त्याला काय बोलणार? मी खुरपं खाली ठेवलं.

"भाऊसाहेबाले सांग, मी येत नाही. झाडू त्यायनं धरावा. फोटो चांगला येईन."

शिपाई हसला नाही. सायकल वळवून गेला. संध्याकाळी सुमनला सांगितलं तेव्हा ती घाबरली. भाऊसाहेबांच्या विहिरीवरून आमच्या तुकड्याला पाणी येतं. ते त्यांनी पुढच्या आठवड्यात बंद केलं. पाऊस बरा होता म्हणून पीक उभं राहिलं. पुढच्या उन्हाळ्याचं माहीत नाही.

शिपाई येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहायला बसलो. मागच्या वेळी बाबूनं लिहून दिला होता, या वेळी माझ्या हातानं. बेस कॅम्प लिहिला, पोस्ट लिहिली, वारलेल्या साहेबांचं नाव लिहिलं. आणि मग वानखडेचं. त्याचं पूर्ण नाव, त्याच्या बापाचं नाव, कारंज्याचा पत्ता. लिहिताना हात थांबला. त्याचे लाडू आठवले. मग परत लिहू लागलो. 'सदर जवान आजारी असल्याने वर गेले नाहीत. त्यांच्या नावे दिलेले पदक माझ्या सेवेचे आहे. ते मला दुसऱ्याच्या नावाने नको. माझ्या नावाने द्यावे. देता येत नसेल तर त्या महिन्यांत मी कुठे होतो हे मला लेखी कळवावे.'

सुमननं वाचून घेतलं. तिला वाचता येतं, सावकाश.

"त्याचं घर बदनाम होईन," ती म्हणाली. "तुमाले जीव लावते तो मानूस."

"होऊ दे."

"अन् एवढं करून नायीच भेटलं तं?"

"भेटणार नाहीच."

वाशीमला बाबूनं अर्ज वाचला. वानखडेच्या नावावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "काका, याचं काही होईन असं मले वाटत नायी. उलट ते वानखडे तुमच्यावरच केस टाकतीन. खोटं बोलून राह्यला म्हनतीन."

"टाकू द्या. कोर्टात त्याला शपथ घेऊन सांगावं लागेल, वर कोण होतं ते."

बाबूनं शिक्का मारला. पोच माझ्या हातात दिली. मी बाहेर आलो. मेडल मिळणार नाही, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. मी मरेन तेव्हाही कागदावर मी बेस कॅम्पलाच असेन. पण दर वर्षी हा अर्ज जाणार. दर वर्षी त्यात वानखडेचं नाव असणार. ज्यांनी मला पुसून टाकलं त्यांच्यापैकी एकाचंही नाव मी यापुढे झाकणार नाही.