सिद्धरामअप्पांची पावलं

ठाण उलगडण्याआधी अंगठ्याला जीभ लावणं. मोजून झालं की चार बोटं कापड जास्त सोडणं. शर्टाआडचं, गळ्यातलं इष्टलिंग एकदा चाचपून मगच गल्ला उघडणं. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच ते घेणार की नुसतं बघणार हे ओळखणं. फोन आला की उभं राहणं आणि ठेवला की लगेच गादीवर टेकणं.

सिद्धरामअप्पांच्या या सवयी उदगीरच्या कापड लाईनीत सगळ्यांना पाठ होत्या. संक्रांतीनंतर त्यात एक नवी मिसळली. रोज संध्याकाळी सात वाजता ते मनगटावरच्या पट्ट्यानं मोजलेल्या पावलांचा आकडा मोबाईलवर बघायचे, त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचे आणि लोकांच्या अंगठ्यांची वाट बघत बसायचे.

पट्टा पुण्याहून मुलानं पाठवला होता. अप्पांची तीन महिन्यांची साखर साडेआठच्या वर गेली होती. डॉक्टर म्हणाले, चाला. शेजारच्या मोबाईल दुकानातल्या सोमेशनं पट्टा फोनला जोडून दिला. सोमेश मराठीत एम.ए. झालेला, नोकरी न लागलेला, अप्पांचा चहाचा सोबती. तो मोबाईलवर एक ग्रुप चालवायचा. पन्नाशी ओलांडलेली तीसेक माणसं त्यात रोजची पावलं टाकायची. ग्रुपचं नाव कुणीतरी उत्साहात ‘चालते व्हा’ ठेवलं होतं. त्यातली गंमत आठ दिवसांनी सगळ्यांच्या लक्षात आली, पण नाव तेच राहिलं.

अप्पांच्या डाव्या मनगटावर लग्नातलं घड्याळ होतं. म्हणून पट्टा उजव्या हातावर आला.

पहिल्याच आठवड्यात आकडा आठ हजारांवर गेला. मग दहा. लग्नसराई लागली तसा तेरा हजार. अप्पा स्वतःच चकित झाले. घर ते दुकान एवढंच तर चालतो आपण. मग त्यांना वाटलं, माणसाला आपली मेहनत दिसतच नसते, यंत्राला दिसते. त्यांना बरं वाटलं. पस्तीस वर्षं गादीवर बसलेला माणूस म्हणून मेव्हणे चेष्टा करायचे. आता तेच मेव्हणे ग्रुपवर ‘अप्पा, मानलं’ लिहीत होते.

दुसऱ्या नंबरावर कायम जगदेवीबाई असायच्या. निवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट. मोबाईल कापडी पिशवीत घालून कमरेला बांधायच्या आणि पहाटे मैदानावर फेऱ्या मारायच्या. त्या रोज लिहायच्या, “अप्पा, आज हजारानं हुकले. उद्या गाठते तुम्हाला.”

अप्पा उत्तर द्यायचे, “या, वाट बघायलोय.”

मार्चअखेर साखर पुन्हा तपासली. नऊ आली.

“असं कसं?” अप्पा सोमेशला म्हणाले. “तेरा हजार पावलं चालून साखर चढती व्हय?”

तेवढ्यात देवणीकडचं एक लग्नघर खरेदीला आलं. अप्पा गजानं कापड मोजू लागले. ठाण उडायचं, हात झपझप मागंपुढं जायचा, मीटरवर मीटर पडायचं. फोन गादीवर सोमेशच्या पुढ्यात उघडाच होता. आकडा हलत होता. अप्पा मांडी घालून बसलेले होते आणि आकडा हलत होता.

गिऱ्हाईक गेलं. सोमेशनं फोन पुढं केला. अप्पांनी रिकाम्या हातानं हवेत दहा-बारा मीटर मोजून पाहिले. आकडा पुढं सरकला. मग हात मांडीवर ठेवला.

“म्हणजे हे सगळं...” सोमेशचं वाक्य तुटलं.

“कुणाला बोलू नको,” अप्पा म्हणाले. “मी सांगतो ग्रुपवर. माझं मी सांगतो.”

त्या संध्याकाळी सात वाजले. आज आकडा आला नाही तर लोक विचारतील, असं अप्पांना वाटलं. त्यांनी फोटो टाकला. बारा हजार चारशे. आधीचे आकडे अजाणता टाकलेले होते. हा जाणून टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला. असे आठ दिवस गेले. सोमेश चहाला यायचा, पण मनगटाकडं बघायचा नाही.

नवव्या दिवशी ग्रुपवर निरोप आला. जगदेवीबाईंचा गुडघा सुजला होता. अप्पांना गाठायचं म्हणून त्यांनी चार दिवस दुपारच्याही फेऱ्या सुरू केल्या होत्या. डॉक्टरांनी महिनाभर खाटेवरच राहायला सांगितलं होतं.

अप्पा बायकोला, उमादेवींना घेऊन भेटायला गेले. बाईंचा पाय उशीवर होता. त्या हसून म्हणाल्या, “तुमच्यामुळं एवढं तरी चालले हो. नाहीतर कोण उठतंय पहाटे? अन् ऐका, रविवारी सगळे मिळून तुमचा सत्कार करायलेत. मी काठी टेकत का होईना, येणार.”

अप्पांनी पाणी मागितलं. प्याले. उठले.

रस्त्यावर आल्यावर उमादेवी म्हणाल्या, “दिसभर गादीवर बसून तेरा हजार कशी व्हतेत, मी कधी इचारलं न्हाई. मला वाटलं, मोबाईलला जास्त कळतंय.”

“तुला माहीत होतं?”

“तुमचं बूड मला माहीत न्हाई तर कुणाला?”

अप्पा रस्त्याच्या मधोमध थांबले. एका रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. उमादेवी पुढं गेल्या. अप्पा परत फिरले आणि एकटेच बाईंच्या दारात उभे राहिले.

उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गज, उजवा हात, पट्टा. मग ते आठ दिवसही सांगितले. ते सांगताना त्यांचे कान तापले. जगदेवीबाईंनी पायाखालची उशी सारखी केली.

“म्हणजे मी पहिली होते,” त्या म्हणाल्या.

“हाव.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हाव, बाई.”

“दुपारच्या फेऱ्यांची मला गरजच नव्हती.”

अप्पांनी हात जोडले.

“माझ्यापाशी हात जोडू नका, अप्पा. मी छत्तीस वर्षं पोरांच्या चुका तपासल्या, मला माणसाची चूक कळते. पण ते आठ दिवस ग्रुपवर लिहा. माझं नाव घालून लिहा. रविवारच्या आत.”

दुसऱ्या दिवशी अप्पांनी पट्टा काढून गल्ल्यात टाकला. जुने फोटो पुसायला घेतले. शेवटचे दोन सगळ्यांच्या फोनवरून गेले. त्याआधीचे फक्त त्यांच्याच फोनवरून जात होते. बाकीच्या तीस फोनांत ते तसेच राहणार होते.

“मी लिहून देऊ का?” सोमेशनं विचारलं.

“नको रे. तुझी भाषा चांगली हाय. त्यात लपायला लई जागा भेटंल.”

अप्पा एका बोटानं लिहू लागले. अर्धा तास लागला. मध्ये दोनदा पुसलं. सोमेश समोर बसून होता. ज्या माणसाकडून तो हिशेबी बोलणं आणि बिनहिशेबी देणं शिकला, तो माणूस घामाघूम होऊन एक वाक्य जुळवत होता. सोमेशला तिथून उठावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

शनिवारी त्यांनी सत्कार नको असं कळवलं. तब्येतीचं कारण दिलं. लोकांनी काळजी घ्या म्हणून लिहिलं. कुणीतरी लिहिलं, ‘एवढं चालू नका अप्पा, वय झालं आता.’ जगदेवीबाईंनी काहीच लिहिलं नाही. सोमवारी त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या.

अप्पांच्या फोनवर तो मजकूर अजून तसाच आहे, न पाठवलेला. ‘सगळ्यांना नमस्कार, शरणु शरणार्थी. पहिल्या नंबरावर जगदेवीबाई होत्या. मला कळल्यावरसुद्धा मी आठ दिवस’. एवढं लिहून झालंय.